जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर कसा वाचायचा? नव्या संशोधकांसाठी पायरीपायरीने

शोधनिबंध लिहून होत आला की पुढचा प्रश्न ठरलेला: पाठवायचा कुठे? आणि कुठल्याही जर्नलचं नाव घेतलं की समोरून विचारणा येते, ‘इम्पॅक्ट किती?’ उत्तरादाखल इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला ते सांगणारा आकडा, सांगितला जातो आणि चर्चा तिथेच थांबते. तो आकडा कुठल्या वर्षाचा, कुणी काढला, कशाला कशाने भागून आला, हे बहुतेकदा विचारलंच जात नाही. माझ्या मते संशोधनाच्या पहिल्या वर्षातच हे शिकवायला हवं, कारण या आकड्यांवरून माणसं वर्षानुवर्षांचं काम कुठे छापायचं ते ठरवतात. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने केल्या तर एखाद्या दुपारी एका जर्नलचा नीट अंदाज येतो.

१. आकडा कशासाठी हवा आहे ते आधी ठरवा

सायटेशन म्हणजे एका लेखाने दुसऱ्या लेखाचा घेतलेला संदर्भ. असे संदर्भ मोजून जर्नल निवडण्याची कल्पना ग्रंथालयातून आली. अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजमधल्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी १९२७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा १९२६चा खंड घेऊन त्यात कुठल्या जर्नलचे किती संदर्भ आले ते त्यांनी मोजलं. लहान कॉलेजच्या ग्रंथालयाने मर्यादित पैशांत रसायनशास्त्राची कुठली जर्नल्स घ्यावीत, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पुढे अमेरिकन माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानातल्या संदर्भांची सूची तयार करण्याची कल्पना मांडली. त्या सूचीत कुठली जर्नल्स घ्यायची हे ठरवण्यासाठी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सहकारी अर्व्हिंग शेर यांच्यासोबत इम्पॅक्ट फॅक्टर तयार केला. निव्वळ एकूण सायटेशन्स मोजली असती तर लठ्ठ खंड काढणारी मोठी जर्नल्सच वर राहिली असती आणि लहान पण महत्त्वाची मागे पडली असती. म्हणून लेखसंख्येने भागायचं ठरलं.

हा इतिहास सांगण्याचं कारण व्यावहारिक आहे. ‘हे जर्नल वाचलं जातं का, घ्यावं का, इथे लेख पाठवावा का’ या प्रश्नांसाठी ही मापं बनली आणि तिथे ती उपयोगी पडतात. ‘या लेखात दम आहे का’ किंवा ‘हा उमेदवार चांगला संशोधक आहे का’ या प्रश्नांना ती उत्तर देऊ शकत नाहीत. तुमचा प्रश्न या दुसऱ्या प्रकारचा असेल तर पुढचं गणित करूनही हाती काही लागणार नाही. तो लेखच वाचावा लागेल.

२. इम्पॅक्ट फॅक्टर एकदा हाताने काढून पाहा

आकड्याची भीती आणि त्याचा दरारा, दोन्ही कमी करण्याचा हा सर्वांत चांगला उपाय. समजा, एका जर्नलने २०२२ मध्ये ६० आणि २०२३ मध्ये ६५ लेख छापले. एकूण १२५. या दोन वर्षांतल्या मजकुराला २०२४ या एका वर्षात ४०० सायटेशन्स मिळाली. ४०० भागिले १२५, म्हणजे ३.२. हा त्या जर्नलचा २०२४चा इम्पॅक्ट फॅक्टर. तो प्रसिद्ध होतो २०२५च्या जूनमध्ये, क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये. म्हणजे ‘२०२५च्या आवृत्तीत २०२४चा आकडा’ असतो. जर्नल्सच्या संकेतस्थळांवर इथेच गोंधळ होतो, तेव्हा वर्ष नेहमी तपासा.

आता अंश आणि छेद वेगवेगळे पाहू. छेदात फक्त संशोधनलेख आणि समीक्षालेख (म्हणजे आधी झालेल्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख) धरतात. संपादकीय, वाचकांची पत्रं, बातम्या छेदात येत नाहीत. पण त्यांना मिळालेली सायटेशन्स अंशात मात्र मोजली जातात. वरच्या उदाहरणात ४०० पैकी ५० सायटेशन्स संपादकीयांना आणि पत्रांना मिळाली असतील, तर लेखांना मिळालेली ३५०च उरतात आणि सरासरी २.८ होते. ज्या जर्नलमध्ये खूप वाचली जाणारी मतपर सदरं असतात, त्याला या हिशेबाचा फायदा मिळतो. वैद्यकातल्या मोठ्या जर्नल्सकडे पाहताना हे विशेष लक्षात ठेवा.

अंशाबद्दल आणखी एक गोष्ट. सायटेशन कुठूनही आलेलं चालत नाही. क्लॅरिव्हेटच्याच वेब ऑफ सायन्स या जर्नल्सच्या नोंदींच्या मुख्य संग्रहात असलेल्या मजकुरातून आलेलं असेल तरच ते धरलं जातं. त्या संग्रहाबाहेरच्या, विशेषतः इंग्रजीखेरीज इतर भाषांमधल्या बऱ्याच जर्नल्सनी घेतलेले संदर्भ या हिशेबात दिसत नाहीत. शिवाय २०२५च्या आवृत्तीपासून छापून झाल्यावर मागे घेतलेल्या लेखांना मिळालेली आणि अशा लेखांतून आलेली सायटेशन्स अंशातून वगळली जातात. हा बदल उशिरा झाला, पण योग्य झाला.

पूर्वी हा आकडा दशांशचिन्हापुढे तीन स्थळांपर्यंत छापला जायचा. २०२३च्या आवृत्तीपासून एकच स्थळ ठेवलं आहे. ३.२ आणि ३.३ यांच्यातला फरक पाहून जर्नल निवडू नका. वरच्या जर्नलला वर्षभरात जेमतेम डझनभर सायटेशन्स जास्त मिळाली तरी ते ३.२ वरून ३.३ वर पोचेल.

त्याच २०२३च्या आवृत्तीपासून कला-मानव्य शाखांच्या यादीतल्या आणि नव्या, उदयोन्मुख जर्नल्सच्या यादीतल्या जर्नल्सनाही इम्पॅक्ट फॅक्टर दिला जातो. त्यामुळे ‘आमच्या जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर आहे’ या वाक्यात पूर्वी जेवढी माहिती होती तेवढी आता राहिलेली नाही.

३. त्याच जर्नलची बाकीची मापं शेजारी मांडा

एल्सव्हिअर कंपनीच्या स्कोपस या संग्रहावर आधारलेला साइटस्कोअर २०१६च्या डिसेंबरमध्ये आला. २०२० मध्ये त्याची रीत बदलली. आता अंश आणि छेद दोन्हीकडे तीच चार वर्षं असतात. आपल्या काल्पनिक जर्नलने २०२१ ते २०२४ या चार वर्षांत २५० लेख छापले आणि त्यांना याच चार वर्षांत ११५० सायटेशन्स मिळाली, तर साइटस्कोअर ४.६. जर्नल तेच, काम तेच, एकीकडे ३.२ आणि दुसरीकडे ४.६. खिडकी (म्हणजे हिशेबात धरलेली वर्षं) वेगळी, संग्रह वेगळा, मोजणी वेगळी. म्हणून एका जर्नलचा साइटस्कोअर दुसऱ्याच्या इम्पॅक्ट फॅक्टरशी कधीच ताडून पाहू नका. संकेतस्थळावर मोठा दिसणारा आकडा ठळक छापण्याचा मोह प्रकाशकांना होतो. वाचणाऱ्याने आकड्याचं नाव आधी वाचावं.

स्पेनमधल्या सायमॅगो गटाचा एसजेआर हा निर्देशांक वेगळ्या विचाराने चालतो. त्यात प्रत्येक सायटेशनचं वजन सारखं नसतं. ज्याला स्वतःला मान आहे अशा जर्नलने घेतलेला संदर्भ जास्त वजनाचा. गूगलच्या शोधयंत्रामागचा पेजरँक याच तत्त्वावर होता, आणि सायटेशनच्या अभ्यासकांनी हे तत्त्व १९७६ मध्येच मांडलं होतं. एसजेआर तीन वर्षांचा मजकूर धरतो आणि जर्नलने स्वतःचेच घेतलेले संदर्भ एका मर्यादेपलीकडे मोजत नाही. त्याचं संकेतस्थळ सर्वांना मोफत खुलं आहे, म्हणून संस्थेकडे महागडी वर्गणी नसेल तर सुरुवात इथूनच करा.

लायडन विद्यापीठातल्या हेंक मूड यांनी २०१०च्या सुमारास मांडलेला स्निप हा निर्देशांक विषयातला फरक आधीच भागून टाकतो. ज्या क्षेत्रात मुळातच कमी संदर्भ घेतले जातात तिथल्या एका सायटेशनला जास्त मोल मिळतं. क्लॅरिव्हेटचा २०२१ पासूनचा जर्नल सायटेशन इंडिकेटरही विषयाचा फरक विचारात घेतो. तो वाचायला सोपा आहे: १ म्हणजे त्या विषयातली सरासरी, २ म्हणजे सरासरीच्या दुप्पट. दोन वेगळ्या विषयांतली जर्नल्स शेजारी ठेवायची वेळ आली तर मी या दोघांपैकी एक घेईन.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कार्ल बर्गस्ट्रॉम आणि जेविन वेस्ट यांचा आयगनफॅक्टर पाच वर्षांचा मजकूर धरतो आणि जर्नलची स्वतःची सायटेशन्स पूर्ण वगळतो. पण तो जर्नलचं एकूण वजन सांगतो, म्हणून जर्नल मोठं असेल तर आकडा आपोआप वाढतो. लेखामागचं प्रमाण हवं असेल तर त्याचाच भाऊ असलेला आर्टिकल इन्फ्लुअन्स पाहा. तिथेही १ ही सरासरी. गूगल स्कॉलरचा एच-फाइव्ह निर्देशांकही असाच आकाराला धार्जिणा आहे. तो २० असेल तर मागच्या पाच पूर्ण वर्षांतल्या किमान २० लेखांना प्रत्येकी किमान २० सायटेशन्स, असा त्याचा हिशेब. पाच वर्षांत शंभरापेक्षा कमी लेख छापणारी जर्नल्स त्यात येतच नाहीत, तेव्हा एखादं लहान जर्नल तिथे सापडलं नाही म्हणून ते वाईट ठरत नाही.

सगळी मापं पाठ करायची गरज नाही. प्रत्येकासाठी तीन प्रश्न पुरेत: किती वर्षांची खिडकी, छेदात काय धरलं, आणि विषयाचा फरक वजा केला आहे का.

४. विषयाच्या आतच तुलना करा

गणितातलं अत्यंत मानाचं जर्नल आणि पेशीजीवशास्त्रातलं मध्यम दर्जाचं जर्नल यांचे इम्पॅक्ट फॅक्टर समोरासमोर ठेवले तर गणित केविलवाणं दिसतं. कारण साधं आहे. गणितातल्या लेखाखाली संदर्भांची यादी लहान असते आणि एखादी सिद्धता समजून तिच्यावर पुढचं काम उभं राहायला वर्षं जातात. दोन वर्षांच्या खिडकीत ती सायटेशन्स येतच नाहीत. पेशीजीवशास्त्रात संशोधक जास्त, याद्या लांब आणि लेख लवकर जुने होतात. इतिहास किंवा साहित्याच्या अभ्यासात तर बरीचशी चर्चा पुस्तकांमधून चालते, आणि पुस्तकांतले संदर्भ या संग्रहांत पुरेसे येत नाहीत. त्या शाखांमध्ये इम्पॅक्ट फॅक्टरवर विसंबणं मला चुकीचंच वाटतं.

तुमच्या विषयाचा वेग कळण्यासाठी जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये ‘साइटेड हाफ-लाइफ’ पाहा. जर्नलला त्या वर्षी मिळालेल्या सायटेशन्सपैकी निम्मी किती वर्षांपर्यंतच्या लेखांना होती, ते त्यातून कळतं. तो दहा वर्षांच्या वर असेल तर दोन वर्षांचा इम्पॅक्ट फॅक्टर सोडा आणि पाच वर्षांचा घ्या.

मग क्रम पाहा. विषयगटातल्या जर्नल्सचे चार समान भाग करतात, वरचा क्यू-वन, तळचा क्यू-फोर. इथे दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे तेच जर्नल दोन-तीन विषयगटांत नोंदलेलं असू शकतं, एकात पहिल्या चतुर्थांशात आणि दुसऱ्यात तिसऱ्या. जर्नल अर्थातच चांगला तोच सांगणार. तुमचा लेख ज्या विषयाचा आहे त्या गटातला क्रम तुम्ही शोधा. दुसरं म्हणजे क्लॅरिव्हेटचे गट आणि सायमॅगोचे गट वेगळे आहेत. ‘क्यू-वन’ म्हणताना कुणाचा आणि कुठल्या वर्षाचा, हे सांगितलं नाही तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही.

५. सरासरीच्या आत डोकावा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त वगळली जाणारी. नऊ लेखांना मिळालेली सायटेशन्स अशी आहेत समजा: ०, ०, १, १, २, २, ३, ५, ५८. बेरीज ७२, सरासरी ८. प्रत्यक्षात नऊपैकी आठ लेख सरासरीच्या खूप खाली आहेत. मधला लेख पाहिला तर त्याला २ सायटेशन्स आहेत. बहुतेक सगळ्या जर्नल्समध्ये चित्र असंच एका बाजूला झुकलेलं असतं. नॉर्वेतले संशोधक पेर सेग्लेन यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं की सर्वाधिक सायटेशन्स मिळालेले १५ टक्के लेख एकूण सायटेशन्सपैकी निम्मी घेऊन जातात. ‘नेचर’ने २००५ मध्ये स्वतःच्याच संपादकीयात मान्य केलं की त्यांच्या आदल्या वर्षीच्या इम्पॅक्ट फॅक्टरमधला ८९ टक्के वाटा केवळ २५ टक्के लेखांचा होता.

टोकाचं उदाहरण स्फटिकशास्त्रातलं आहे. ‘अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘ए’ विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये २.०५१ होता. २००९ मध्ये तो ४९.९२६ झाला. जर्नल एका वर्षात चोवीस पटींनी सुधारलं का? झालं असं की स्फटिकांची रचना उलगडण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या शेलएक्स या संगणकप्रणालीचा इतिहास सांगणारा जॉर्ज शेल्ड्रिक यांचा लेख २००८ मध्ये तिथे छापून आला, आणि ही प्रणाली वापरणाऱ्यांनी संदर्भ म्हणून हाच लेख द्यावा असं त्यातच सुचवलं होतं. हजारो संशोधकांनी तसा तो दिला. दोन वर्षांची खिडकी सरली आणि २०११ मध्ये आकडा पुन्हा दोनच्या आसपास आला. त्या दोन वर्षांत तिथे छापलेल्या बाकीच्या लेखांना वाचकांनी काही वेगळी वागणूक दिली नव्हती. तरीही ज्यांच्या नावापुढे त्या काळातला इम्पॅक्ट फॅक्टर लागला, त्यांना तो एका लेखाच्या पुण्याईवर मिळाला.

अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या ‘सीए’ या जर्नलचा २०२०चा इम्पॅक्ट फॅक्टर ५००च्या वर गेला, त्यामागेही असंच कारण. ते जर्नल मोजकेच लेख छापतं आणि त्यात दरवर्षी कर्करोगाच्या रुग्णसंख्येचा वार्षिक आढावा असतो. कर्करोगावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या परिच्छेदात तोच उद्धृत करतो. आढावा मोलाचा आहे यात शंका नाही, पण त्यावरून बाकीच्या लेखांबद्दल काही कळत नाही.

हे तुम्ही कसं तपासाल? जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये जर्नलच्या पानावर सायटेशन्सच्या वाटणीचा आलेख असतो आणि त्यात संशोधनलेखांचा मध्यक (म्हणजे मधल्या लेखाची सायटेशन्स) आणि समीक्षालेखांचा मध्यक वेगळा दिलेला असतो. तुम्ही संशोधनलेख पाठवणार असाल तर पहिलाच तुमच्या कामाचा. वर्गणी नसेल तर ओपनअॅलेक्स या मोफत संग्रहात त्या जर्नलचे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या वर्षातले लेख काढा, सायटेशन्सच्या क्रमाने लावा आणि मधला लेख पाहा. एकही सायटेशन न मिळालेले किती आहेत तेही मोजा. यादीच्या डोक्यावर सगळे समीक्षालेखच असतील तर जर्नलचा आकडा त्यांनी वर ओढलेला आहे, कारण समीक्षालेखांना सहसा जास्त सायटेशन्स मिळतात.

६. पाच वर्षांचा कल आणि स्वतःचीच सायटेशन्स

एका वर्षाच्या आकड्यावर थांबू नका, मागची पाच वर्षं पाहा. अचानक मोठी उडी दिसली तर वरच्यासारखा एखादा लेख आहे का ते शोधा. तसा नसेल तर दोन शक्यता तपासाव्या लागतात. जर्नल स्वतःच्याच लेखांचे संदर्भ भरमसाट घेत असेल, किंवा काही जर्नल्स संगनमताने एकमेकांचे संदर्भ घेत असतील. असं आढळलं की क्लॅरिव्हेट त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर त्या वर्षापुरता जाहीरच करत नाही. स्वतःच्या सायटेशन्सचं प्रमाण जास्त असणं हा दरवेळी गुन्हा नसतो. एखाद्या अरुंद विषयात दोनच जर्नल्स असतील तर दुसरं होणार तरी काय? मात्र लेख स्वीकारण्याच्या टप्प्यावर ‘आमच्या जर्नलमधले आणखी पाच लेख उद्धृत करा’ असं संपादक कारण न देता सांगत असेल, तर तिथून लेख मागे घ्यायला कचरू नका.

७. आकडा खरा आहे का ते पडताळा

इम्पॅक्ट फॅक्टरशी मिळतीजुळती नावं लावून आकडे विकणारी संकेतस्थळं आहेत. ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ असले शब्द जोडलेला इम्पॅक्ट फॅक्टर दिसला की तो क्लॅरिव्हेटचा नाही हे ओळखा. पडताळणी सोपी आहे. जर्नलच्या नावावर जाऊ नका, त्याचा आयएसएसएन हा आठ अंकी ओळखक्रमांक घ्या. तो वेब ऑफ सायन्सच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये, स्कोपसच्या सोर्सेस पानावर आणि सायमॅगोवर टाका. तिन्ही ठिकाणी मोफत पाहता येतं. नाव, प्रकाशक आणि संकेतस्थळाचा पत्ता जुळतो का ते पाहा, कारण प्रतिष्ठित जर्नलचं नाव आणि आयएसएसएन चोरून बनावट संकेतस्थळ चालवणारेही आहेत. स्कोपसमधली नोंद थांबवलेली आहे का, हेही तिथे लिहिलेलं असतं. ‘चार दिवसांत छापून देतो’ असं सांगणाऱ्या ईमेलमधला आकडा तर आधी पडताळायचा आणि मगच पुढे वाचायचं.

८. यादी तयार करा

इथवर आलात की एक युक्ती वापरा, जी कुठल्याही निर्देशांकापेक्षा तुमच्या लेखाला जवळची आहे. तुमच्या शोधनिबंधाखालची संदर्भयादी घ्या आणि कुठल्या जर्नलचं नाव किती वेळा आलं ते मोजा. ग्रॉस आणि ग्रॉस यांनी १९२७ मध्ये नेमकं हेच केलं होतं, फक्त रसायनशास्त्राच्या एका अख्ख्या खंडावर. वर आलेली चार-पाच जर्नल्स म्हणजे तुमचे वाचक जिथे आहेत ती ठिकाणं. त्यांचे ताजे दोन अंक उघडून तुमच्यासारखं काम तिथे छापतात का ते पाहा, लेख मिळाल्यापासून स्वीकारेपर्यंतचा काळ प्रत्येक लेखावरच्या तारखांवरून काढा, आणि मग वरची मापं त्या चार-पाच जर्नल्सपुरती तक्त्यात भरा. चांगल्या जर्नल्समधून निवड करताना मी आकड्यापेक्षा वाचकवर्गाला आणि निर्णयाच्या वेळेला आधी मान देईन.

९. लिहिताना काय लिहायचं

२०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी तयार केलेला डोरा हा जाहीरनामा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्नलची मापं एकेका लेखाचा किंवा संशोधकाचा दर्जा ठरवण्यासाठी वापरू नयेत, ही त्यातली मुख्य शिफारस. २०१५च्या लायडन जाहीरनाम्यात दहा तत्त्वं आहेत. त्यातलं पहिलं असं, की आकड्यांनी तज्ज्ञांच्या मूल्यमापनाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये. तुमच्या संस्थेने डोरावर सही केली असेल किंवा लायडनची तत्त्वं स्वीकारली असतील, तर अर्जात जर्नलच्या आकड्याऐवजी लेखाचं योगदान दोन ओळींत आणि त्या लेखाची स्वतःची सायटेशन्स लिहा.

तरीही एखाद्या अर्जात जर्नलचा आकडा मागितलाच, तर तो एकटा लिहू नका. निर्देशांकाचं नाव, आकड्याचं वर्ष, संग्रह, विषयगट आणि त्यातला क्रम, आणि आकडा पाहिल्याची तारीख, एवढं सोबत द्या. ‘इम्पॅक्ट फॅक्टर ३.२, वर्ष २०२४, जर्नल सायटेशन रिपोर्ट्स २०२५, अमुक विषयगटात १२० पैकी ४१वा’ असं. पुढच्या जूनमध्ये नवी आवृत्ती आली की तक्त्यातले आकडे बदला आणि जुने खोडू न टाकता शेजारच्या रकान्यात ठेवा, कल पाहायला तेच लागतात.